उंचावरच्या शेतातली लाइट रोस्ट कॉफी कपात आंबट का लागते?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. पाकिटावर उंची १,९०० मीटर, सावलीतली शाश्वत शेती, वॉश्ड (म्हणजे फळाचा गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली), लाइट रोस्ट (हलकी भाजलेली), आणि चवीत जर्दाळू, लिंबू, मध असं लिहिलंय. भाजून चार दिवस झालेत. तुम्ही १५ ग्रॅम कॉफी जाडसर दळता, आरओचं पाणी उकळून पाच मिनिटं निवू देता, पेपर फिल्टरवर २५० ग्रॅम पाणी ओतता आणि ते एक मिनिट चाळीस सेकंदांत खाली उतरतं. कपात येते ती आंबट, पाणचट कॉफी. म्हणून तुमचा प्रश्न: उंची आणि ‘शाश्वत’ हे नुसते विकायचे शब्द आहेत का, आणि आपण फसलो का? शेवटी दूध घालण्याबद्दलही तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, बियांमध्ये जे आहे ते तुमच्या कपात उतरतंय का? दोन, पाकिटावर जे लिहिलंय ते बियांमध्ये मुळात आहे का? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही. तुमच्या वर्णनावरून मला तरी वाटतं की अर्क पुरता उतरत नाहीये. पण भाजणीतही खोट असू शकते, आणि ते इथे बसून सांगता येणार नाही. त्यासाठी खाली एक साधी चाचणी दिली आहे.

आधी उंचीचं बघू, कारण कृतीतल्या चुकांचं मूळ तिथे आहे. उंची स्वतः चव देत नाही, देतं ते तापमान. दर १०० मीटरला हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते. अरेबिका जातीच्या कॉफीला वार्षिक सरासरी तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास मानवतं. त्या पट्ट्याच्या थंड टोकाला फळ सावकाश पिकतं, बी भरायला जास्त वेळ मिळतो, ती घट्ट आणि जड होते, आणि आम्लं जास्त ठळक राहतात. मध्य अमेरिकेत उंचीवरून प्रत ठरवायची पद्धत यातूनच आली. ग्वाटेमालात साधारण १,३५० मीटरच्या वरच्या मालाला ‘स्ट्रिक्टली हार्ड बीन’ म्हणतात, म्हणजे प्रतीचं नावच कठीणपणावरून पडलं.

आता ही घट्ट बी लाइट भाजली की काय होतं? गडद भाजणीत बी फुगते, तिच्यात पोकळ्या वाढतात, ती ठिसूळ होते आणि पाण्याला सहज वाट देते. लाइट भाजणीत हे सगळं कमी होतं. मुळात घट्ट बी, त्यात भाजणी हलकी, त्यामुळे पाण्याला आत शिरून तिथलं विरघळवून बाहेर आणायला जास्त कष्ट पडतात. आणि सगळे घटक एकाच वेगाने उतरत नाहीत. आम्लं आणि क्षार पटकन येतात. कपाला भरीवपणा देणारे आणि आंबटपणा तोलून धरणारे घटक मागून येतात. अर्क अर्धवट उतरला की कपात पुढचेच तेवढे असतात. तुम्हाला लागतो तो आंबटपणा हाच असावा. नीट चाखलंत तर त्याच्या मागे किंचित खारटपणाही जाणवेल. अर्धवट उतरलेल्या कॉफीची ती चांगली खूण आहे.

गोडव्याबद्दल एक गैरसमज आहे. कच्च्या अरेबिकात ६ ते ९ टक्के साखर असते, पण लाइट भाजणीतही ती जवळजवळ सगळी जळून किंवा बदलून जाते. म्हणजे पाकिटावरचा ‘मध’ ही कपात विरघळलेली साखर नव्हे. साखरेपासून तयार झालेले सुगंध आणि आम्लाशी जुळलेला तोल, यातून तो भास होतो. तोल नसेल तर मध कुठेच सापडणार नाही, बी कितीही चांगली असो.

आता चाचणी. दोष बियांचा की कृतीचा, हे ठरवायला कपिंगसारखं (कॉफी वाडग्यात नुसती भिजवून चमच्याने चाखणं) साधन नाही, कारण तिथे ओतण्याचा हात, फिल्टर आणि पाणी उतरण्याचा वेग, यातलं काहीच मध्ये येत नाही. सारख्या आकाराचे दोन वाडगे घ्या. प्रत्येकात ११ ग्रॅम कॉफी, नेहमीपेक्षा थोडी बारीक दळलेली. एकात तुमचं आरओचं पाणी २०० ग्रॅम, उकळी थांबल्या थांबल्या ओता. दुसऱ्यात तितकंच दुसरं पाणी. ते कोणतं, हे खाली सांगतो. चार मिनिटं हात लावू नका. मग वर आलेला थर चमच्याने तीनदा हलक्या हाताने मोडा, त्या वेळी नाक जवळ नेऊन वास घ्या, आणि फेस दोन चमच्यांनी काढून टाका. दहा-बारा मिनिटांनी चाखायला लागा आणि पार थंड होईपर्यंत अधूनमधून चाखत राहा. थंड होताना चाखणं टाळू नका. चांगलं आम्ल निवताना फळासारखं, रसाळ होत जातं. कच्चा आंबटपणा निवताना अधिक बोचरा होतो आणि जिभेवरून लगेच नाहीसा होतो.

दोन्ही वाडग्यांत कॉफी गोडसर आणि स्वच्छ लागली, तर बी ठीक आहे आणि दोष तुमच्या ओतण्या-दळण्यात आहे. आरओच्या वाडग्यात बोचरी आणि दुसऱ्यात गोलसर लागली, तर पाणी. दोन्हींत गवत, कच्चा मटार, पेंढा असा वास आला, तर बीचा गाभा नीट भाजला गेलेला नाही. घट्ट बियांच्या बाबतीत हे वारंवार होतं: बाहेरून रंग आलेला असतो पण उष्णता आत पोचलेली नसते. हे दळून किंवा पाणी बदलून सुधारत नाही. दोन्हींत पुठ्ठा किंवा पोत्यासारखा वास असेल तर माल जुन्या हंगामाचा किंवा वाईट साठवलेला. आणि वॉश्ड कॉफीत व्हिनेगरसारखी किंवा अति पिकलेल्या फळासारखी चव आली, तर आंबवण्याच्या टाकीत वेळ चुकली. शेवटच्या तिन्हींत तुमचा दोष नाही.

कृतीतल्या चुका मी या क्रमाने दुरुस्त करेन: आधी पाण्याचं तापमान, मग दळण, मग पाण्यातले क्षार. पहिल्याला काहीच खर्च नाही, दुसऱ्याला थोडा धीर लागतो, तिसऱ्याला थोडी खटपट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

तापमान: पाच मिनिटं निवू देणं बंद करा. गडद भाजलेल्या कॉफीसाठी ८५–९० अंशांचं पाणी चालतं, तिथे कडवटपणा आवरायचा असतो. तुमच्या बियांना उकळत्याच्या जवळचं पाणी हवं, ९५ अंश किंवा त्याहून वर. उकळी आली की ओता. ड्रिपर (कागद बसवायचा शंकू) आणि कागद आधी गरम पाण्याने धुऊन तापवून घ्या. सिरॅमिकचा जाड ड्रिपर थंड राहिला तर पहिल्या ओतण्यातली बरीच उष्णता तोच खाऊन टाकतो. साधा प्लॅस्टिकचा ड्रिपर याबाबतीत उलट बरा असतो. तुम्ही स्वतः उंचावर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळतं, ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी. मग तर एक क्षणही निवू देऊ नका.

दळण: १५ ग्रॅमला एक मिनिट चाळीस सेकंद म्हणजे दळण फारच जाड. टेबल सॉल्टपेक्षा किंचित जाड इथून सुरुवात करा आणि रोज ग्राइंडरवरची एक खूण बारीक करत जा. वेळ पुढे सरकत अडीच ते सव्वातीन मिनिटांच्या आसपास येईल. पण वेळ हे ध्येय समजू नका. इथियोपियाच्या लहान, कठीण बिया दळताना भुकटी जास्त पडते, कागद तुंबतो आणि चव चांगली असूनही पाणी चार मिनिटं घेऊ शकतं. जिभेवर भरवसा ठेवा: आंबट आणि रिकामं असेल तर आणखी बारीक करा, जीभ कोरडी पडली, तुरटपणा आला तर एक खूण मागे या. दोन्हींच्या मधली जागा सापडली की त्या पाकिटासाठी ती लिहून ठेवा. पुढच्या पाकिटाला ती थोडी हलेल. पात्याचा ग्राइंडर असेल तर मात्र ही जागा सापडणं अवघड आहे. त्यात भुकटी आणि खडे एकत्र निघतात, आणि एकाच कपात आंबट व तुरट दोन्ही लागतं.

ओतण्याचा माझा नेहमीचा क्रम: १५ ग्रॅम कॉफीवर ४५ ग्रॅम पाणी, ड्रिपर हलकेच गोल फिरवून सगळं दळण भिजलंय ना ते पाहायचं, ४५ सेकंद थांबायचं. मग सावकाश १५० ग्रॅमपर्यंत, थोडं खाली गेलं की २५० पर्यंत. शेवटी पुन्हा एकदा हलकं फिरवायचं, म्हणजे दळण सपाट बसतं आणि पाणी एकाच बाजूने पळत नाही. पहिल्या ४५ ग्रॅमला खूप फुगून फेस आला तर कॉफी अजून ताजी आहे, आणि ‘ताजी’ इथे कौतुक नाही. लाइट भाजलेल्या घट्ट बिया कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडतात आणि तो वायू पाण्याला आत शिरू देत नाही. चार दिवस कमी पडतात. फिल्टरसाठी दहा दिवस ते तीन आठवडे हा काळ मला जास्त भरवशाचा वाटतो. पाकीट बंद करून कपाटात ठेवा, आठवड्याने पुन्हा करून बघा. नुसत्या थांबण्यानेही फरक पडेल.

पाण्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात. त्याचे दोन परिणाम होतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी असल्याने चवीचे घटक जोमाने उतरत नाहीत. आणि बायकार्बोनेट नसल्याने आम्लाला आवर घालायला काहीच नसतं, त्यामुळे जे उतरतं ते नागडं, टोचणारं लागतं. याच्या उलट, फार जड पाण्यात बायकार्बोनेट इतकं असतं की सगळं आम्ल मारलं जातं आणि १,९०० मीटरची कॉफी सपक, खडूसारखी लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मार्गदर्शक आकड्यांत क्षारता (पाण्याची आम्ल शमवण्याची ताकद) लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियमचा कठीणपणा ६८ च्या आसपास धरलेला होता. सुरुवातीला तो अजूनही चांगला आधार आहे.

घरी असं पाणी करता येतं. १.६८ ग्रॅम खायचा सोडा एक लिटर आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर ‘सोडा’ लिहा. दुसऱ्या बाटलीत २.४५ ग्रॅम एप्सम सॉल्ट एक लिटर पाण्यात, त्यावर ‘मॅग्नेशियम’ लिहा. एप्सम सॉल्ट पोटात घेण्याच्या औषधी दर्जाचंच हवं. बागेसाठी किंवा पाय शेकण्यासाठी मिळतं ते नको. बेकिंग पावडरही नको, ती वेगळी वस्तू आहे. दोन्ही द्रावणं फ्रिजमध्ये ठेवा. वापरताना ४० ग्रॅम सोडा-द्रावण, ७० ग्रॅम मॅग्नेशियम-द्रावण आणि ८९० ग्रॅम आरओ पाणी एकत्र करा: एक लिटर तयार, क्षारता ४०, कठीणपणा साधारण ७०. मघाचा दुसरा वाडगा याच पाण्याचा. वजनासाठी ०.०१ ग्रॅमचा काटा लागेल. इतकी खटपट नको असेल तर लेबलवर बायकार्बोनेटचा आकडा छापलेलं, ५० मिलिग्रॅमच्या आसपासचं बाटलीबंद पाणी शोधा. लेबलवर काहीच आकडे नसतील तर ते पाणीही आरओच असण्याची शक्यता मोठी.

एवढं सगळं जमलं आणि कॉफी बोलायला लागली, की मग पाकिटाकडे वळू.

उंचीचा आकडा अक्षांशाशिवाय वाचू नका. विषुववृत्ताच्या जवळ असलेल्या दक्षिण कोलंबियात किंवा दक्षिण इथियोपियात १,९०० मीटरवर अरेबिका छान वाढतं. हवाईचा कोना भाग विषुववृत्तापासून बराच दूर, साधारण १९ अंश उत्तरेला आहे. तिथली कॉफी ९०० मीटरच्या खालीच येते आणि तरी नावाजलेली आहे. कर्नाटकातल्या बाबा बुडनगिरीच्या परिसरात १,२०० मीटरही उंच धरतात. तेव्हा १,२०० ची कॉफी १,९०० पेक्षा हलकी, असं सरळ गणित नाही. शिवाय उंची ही फक्त शक्यता देते. झाडाचा वाण, तोडणी, आंबवणं आणि वाळवणं बिघडलं तर उंचावरचा मालही चाखणीत १०० पैकी ८० गुणांच्या खाली जातो, आणि स्पेशालिटीची, म्हणजे उच्च प्रतीच्या कॉफीची, प्रचलित रेघ तिथेच आहे. एका आकड्याऐवजी ‘१,७५०–१,९२०’ असा पट्टा लिहिणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. उतारावरचं शेत एका उंचीवर असूच शकत नाही.

तोडणी कशी झाली हे तुम्ही घरीही पाहू शकता. १०० ग्रॅम भाजलेल्या बिया पांढऱ्या ताटलीत पसरा आणि उजेडात न्या. बाकी सगळ्या तपकिरी असताना काही फिकट, पिवळट राहिलेल्या दिसतील. त्या कच्च्या तोडलेल्या फळांच्या बिया. त्यांत साखर फार कमी असते, म्हणून त्या रंग घेत नाहीत. ट्रेडमध्ये त्यांना ‘क्वेकर’ म्हणतात. एखादी चावून बघा: कोरडी, कागदी, शेंगदाण्याच्या सालासारखी लागते. स्पेशालिटीच्या प्रतवारीत १०० ग्रॅममध्ये एकही नसावी अशी अपेक्षा असते. एखाद-दुसरी मी सोडून देईन, पण आठ-दहा निघाल्या तर ‘हाताने वेचलेली पिकली फळं’ हा दावा खोटा पडतो. वेचून टाका आणि उरलेल्यांची कॉफी करा, फरक कळेल. हे कष्ट किती आहेत तेही लक्षात घ्या: एक किलो कच्च्या बियांना पाच-सहा किलो फळ लागतं, भाजताना वजन आणखी घटतं, म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटामागे दीड ते पावणेदोन किलो फळ. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून तीच झाडं उतारावर पुन्हा पुन्हा फिरून वेचावी लागतात.

‘शाश्वत’ हा शब्द मात्र एकटा काहीच सांगत नाही. सावलीचंच घ्या. उष्ण, कमी उंचीच्या भागात सावलीची झाडं जमीन गार ठेवतात, आणि भारतात अरेबिकाचं खोड पोखरणाऱ्या पांढऱ्या किडीला आवर घालायला सावली लागतेच. उघड्या उन्हातल्या झाडांवर ती जास्त अंडी घालते. पण थंड, ढगाळ, खूप उंच उतारावर दाट सावली केली तर फुलोरा कमी येतो आणि बुरशीला आयतं दमट वातावरण मिळतं. म्हणून १,९०० मीटरवरचं शेत अर्धं उघडं असेल तर त्याला लगेच नावं ठेवू नका. प्रमाणपत्रांत सावलीबाबत सर्वांत कडक ‘बर्ड फ्रेंडली’: किमान ४० टक्के छत्र आणि सेंद्रिय प्रमाणपत्रही. बाकीची प्रमाणपत्रं वेगवेगळ्या गोष्टी तपासतात आणि शेतकऱ्याला तुमच्या पाकिटामागे किती मिळाले हे बहुतेकांत कळत नाही.

उंची आणि शाश्वतता यांत एक खरा ताण आहे, आणि तो पाकिटावर कधी लिहिलेला नसतो. हवा एक अंशाने तापली की तेच तापमान मिळवायला साधारण दीडशे-पावणेदोनशे मीटर वर जावं लागतं. वर बहुतेक ठिकाणी डोंगरमाथ्यावरचं जंगल असतं. जुनी, उंचावरची, सांभाळलेली लागवड आणि काल जंगल तोडून चढवलेली लागवड, दोन्हींच्या पाकिटावर उंची तीच दिसेल. म्हणून विक्रेत्याला मी सर्वांत आधी विचारेन: शेत किती जुनं आहे आणि आधी तिथे काय होतं? युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी कायद्याने ३१ डिसेंबर २०२० ही तारीख ठरवली आहे. त्यानंतर तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही. हा कायदा लागू झाला की तिथे जाणाऱ्या मालासाठी शेताच्या जागेची नोंद द्यावी लागेल, त्यामुळे हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वॉश्ड कॉफीत गर काढायला, धुवायला पाणी लागतं. जुन्या पद्धतीत एक किलो मालाला कितीतरी लिटर जातं आणि आंबलेल्या गराचं घाण पाणी ओढ्यात सोडलं तर त्यातला प्राणवायू संपतो, खालच्या गावाचं पाणी नासतं. कमी पाण्याचा पल्पर (गर काढायचं यंत्र) आहे का, पाणी पुन्हा वापरतात का, शेवटी कुठे सोडतात, या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर शेतावर कोणीतरी खरंच लक्ष ठेवून आहे असं समजा. तिसरा, हंगाम कोणता आणि वाळवायला किती दिवस लागले. उंचावर हवा थंड असल्याने उंच जाळ्यांवर पातळ थर देऊन वॉश्ड मालालाही दहा-पंधरा दिवस लागू शकतात. बी १० ते १२ टक्के ओलाव्यावर थांबवायची असते. घाईने वाळवलेल्या मालाची चव काही महिन्यांतच फिकी पडते.

कपिंगमध्ये दोन्ही वाडगे गवताळ निघाले तर रोस्टरला, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याला, लिहा, पण ‘आंबट लागते’ एवढंच लिहू नका. भाजल्याची तारीख, दळण, पाण्याचे आकडे, दोन्ही वाडग्यांत काय लागलं आणि १०० ग्रॅममध्ये फिकट बिया किती निघाल्या, हे द्या. काम जाणणारा रोस्टर यावरून त्याच तुकडीचा राखून ठेवलेला नमुना काढून चाखेल.

तुम्ही शेवटी दुधाचं विचारलं होतं. या पाकिटात दूध घालून आंबटपणा झाकायचा प्रयत्न करू नका. पातळ, आम्लयुक्त कॉफीत गरम दूध फाटल्यासारखं लागतं, प्रसंगी फाटतंही. दुधाचीच कॉफी हवी असेल तर त्याच शेतातली मध्यम भाजणीची घ्या आणि १५ ग्रॅमला १५० ग्रॅमच पाणी वापरून, चार-पाच मिनिटं भिजवून गाळा.